वांदा कायम

नवल पाटलाच्या हातून आयुष्यात एकही काम बेकायदा झालं नव्हतं, आणि त्याच्या बहुतेक अडचणी त्यातूनच उभ्या राहिल्या होत्या. नंदुरबारात लोक जंगलातून गाड्या भरभरून लाकूड आणत आणि वाटेत कुणी हटकलंच तर विडी पुढे करत. नवलने सन छत्तीसच्या हिवाळ्यात एक झाड आणलं, वीतभर उंचीचं, हातात धरून. आणि त्यापायी रीतसर अर्ज केला. पुढे जे झालं ते त्या अर्जामुळे झालं. झाडाचा यात काडीचाही दोष नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण गल्लीत अजून काही लोक झाडालाच दोष देतात.

नवल कचेरीत रेकॉर्ड कारकून होता. साहेबांच्या मुक्कामाबरोबर दप्तर घेऊन तो नवापूरला गेला, तेव्हा तिथल्या बंगल्याच्या व्हरांड्यात त्याने असलं झाड प्रथम पाहिलं. लाकडाच्या एका तुकड्याला धरून ते दोरीवर टांगलेलं होतं. खाली कुंडी नाही, माती नाही, मुळ्या उघड्या वाऱ्यावर. नवल दप्तर काखेत धरून त्याच्यापुढे इतका वेळ उभा राहिला की शेवटी खानसाम्याने येऊन विचारलं, "कुछ गुम हुआ क्या?"

हरवलं काही नव्हतं, उलट काहीतरी सापडल्यासारखं वाटत होतं. नवलचं भाड्याचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे फरशीचा ओटा. माती म्हणाल तर चूल सारवायला लागते तेवढीच. रनाळ्याला बापजाद्यांची जमीन असलेल्या माणसाच्या दारात एक हिरवं पान नसावं, हे त्याला बरेच दिवस टोचत होतं. आता बिनमातीचं झाड असतं म्हटल्यावर फरशीची सबब संपली.

मुक्कामाचं सामान वाहणाऱ्यांत जवळच्या पाड्यावरचा रेवजी नावाचा माणूस होता. नवलने त्याला व्हरांड्यातलं झाड दाखवलं. रेवजीला हसू आलं.

"हाऊ तं वांदा शे," तो म्हणाला. "आंबावर ऱ्हास. आंबानं काही खास नही, वारा खास." आंब्यावर राहून आंब्याचं काही न खाणारं, नुसता वारा खाऊन जगणारं झाड नवलला लगेच पटलं.

दुसऱ्या दिवशी वाऱ्याने मोडून पडलेल्या आंब्याच्या फांदीचा हातभर तुकडा तो घेऊन आला, त्यावरच्या वांद्यासकट. नवलने गाडीत बसताना स्वतः होऊन तिकीट तपासनिसाला विचारलं की याचं सामानाचं तिकीट लागेल का. तपासनिसाने आधी झाडाकडे पाहिलं, मग नवलकडे. भाजीपाला म्हणावं तर खायचा नाही, सामान म्हणावं तर जिवंत, जनावर म्हणावं तर हलत नाही. तो बिचारा नवापूरपासून खांडबाऱ्यापर्यंत पुस्तक चाळत बसला आणि शेवटी हात जोडून दुसऱ्या डब्यात निघून गेला. नवलला मात्र नंदुरबार येईपर्यंत फुकट नेत असल्याची बोच लागून राहिली.

घरी बायकोने, गजराबाईने, उंबऱ्यातच अडवलं.

"हाई काय शे?"

"वांदा," नवल म्हणाला.

गजराबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. आता खानदेशात वांदा म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. वांदा म्हणजे भांडण, हरकत, तंटा. भावाभावांत बांधावरून होतो तो वांदा. कचेरीत तर त्याचं वेगळं रजिस्टरच असतं. ज्याच्या खात्यावर वांदा चढला, त्याच्या घरी सोयरीक करताना लोक दोनदा विचार करतात.

"चांगला घरमा वांदा लई वनात?" गजराबाई म्हणाली. "हाऊ शबद उंबराना बाहेर ठी या, मंग मजार या."

"मंग याले काय म्हनू?"

"पाव्हणा म्हना. पाव्हणाच शे ना तो."

नवलने शब्द बाहेर ठेवला आणि पाहुण्याला आत घेतलं. त्या दिवसापासून घरात, गल्लीत, कचेरीतही ते झाड पाव्हणा झालं. त्याचं खरं नाव नवल आणि गजराबाई या दोघांनाच ठाऊक राहिलं. एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

शनिवारी रनाळ्याहून दोधू आप्पा आले. आप्पा म्हणजे नवलचे सख्खे चुलते. नवलचा बाप तो चार वर्षांचा असताना गेला, तेव्हापासून आप्पांनीच त्याला वाढवलं आणि शाळेत घातलं. त्या सगळ्यात स्वतःचं लग्न करायचं राहून गेलं. आता गुडघे गेल्यामुळे जमीन वाट्याने दिलेली आणि आप्पा वर्षातले आठ महिने नवलच्या ओट्यावर. त्यांना जगात एकाच गोष्टीचा अभिमान होता, आणि ती ते भेटेल त्याला सांगत, आगगाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगत: "आमना खातावर तीन पिढीमा एक वांदा नही." रनाळ्यात घरटी एक वांदा. पाटलांच्या या घरात मात्र ना वाटणी, ना तंटा. चुलता-पुतण्याचं एकच खातं, आणि ते धुतल्या तांदळासारखं.

आप्पांनी पाहुण्याला चारी बाजूंनी पाहिलं.

"जेवस काय हाऊ?"

"वारा खास, आप्पा."

"मंग सुखी ऱ्हाई. वारानी आपलाकडे कमी नही."

पण पाहुण्याला सुखी राहू द्यायला गल्ली तयार नव्हती. समोर नेमीचंद मारवाड्याचं कापडाचं दुकान होतं. त्याने गादीवरूनच निकाल दिला. "नवलभाऊ, बिगर माटीनं झाड अन् बिगर दुकाननं नेमीचंद, दोन्ही पह्यलाच उन्हाळामा वाळतीन." हेडमास्तर म्हणाले, पोषणाविना जीव नाही, तेव्हा कांद्याच्या सालीचं पाणी घाला. ते घातलं, तर ओट्याला असा वास सुटला की नेमीचंदने दोन दिवस दुकानाचं एक दार लावून घेतलं. एकाने ताक सुचवलं. गजराबाईला तर उघड्या मुळ्या बघवतच नव्हत्या. पाहुण्याचे पाय असे लोंबकळते ठेवणं तिला बरं दिसेना. नवल कचेरीत गेल्यावर तिने पाहुण्याला मायेने मडक्यात घालून गळ्यापर्यंत माती भरली. आठ दिवसांत तीन मुळ्या कुजल्या. मग ओंडका पुन्हा बाहेर निघाला आणि ओट्याच्या कडेला टेकवला गेला. तिथे कुणाच्यातरी शेळीने त्याचं अर्धं पान खाल्लं. नवलने तो वर कडीला टांगला. सकाळी स्टुलावर चढून तो त्याच्यावर पाणी शिंपडू लागला, ते पहिल्याच दिवशी चौकशीला आलेल्या नेमीचंदच्या नव्या पगडीवर पडलं. पगडी काढून नेमीचंदने ओट्यावर वाळत घातली आणि ती वाळेपर्यंत बोडक्याने समोर बसून राहिला.

नवल हे सगळं वहीत टिपत असे. तारीख, वारा कुठला, मुळ्या किती, नुकसान काय व कोणामुळे. वही उत्तम होती. झाड मात्र सुकत चाललं होतं.

ते वाचवलं आप्पांनी. त्यांनी कुणाचं ऐकलं नाही आणि काही टिपलं नाही. आठ दिवस ते नुसते त्याच्याकडे बघत बसले. नवव्या दिवशी म्हणाले, "तहान लागनी की याना मुळ्या पांढऱ्या व्हतस. पानी भेटनं की हिरव्या. तो सोताच सांगस, आपन आयकानं." मग सकाळी एकदा ओंडक्यासकट बादलीत बुडवायचं, निथळू द्यायचं आणि टांगायचं. दुपारी झळा लागू लागल्या तेव्हा त्यांनी ओट्याला ओलं गोणपाट लावलं. गल्लीतल्या वैद्यांनी एक दिवस झाड पाहिलं आणि सांगितलं की ही मुळी उगाळून लावली तर गुडघ्यांना उतार पडेल. आप्पांनी हात जोडले. "पाव्हणाना पाय तोडीसन मन्हा गुडघाले लावू का?"

होळीनंतर पानांच्या बेचक्यातून बोटभर दांडी बाहेर आली. कळ्यांची होती. आप्पा ती रोज मोजत, सात येत, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजत. इथे गोष्ट संपली असती तर सगळ्यांचंच भलं झालं असतं.

पण फाल्गुनाच्या शेवटी नवलच्या टेबलावरून एक जुनं पत्रक गेलं. जंगलातली कुठलीही उपज परवान्याविना घरी ठेवू नये, असं त्यात होतं. लोकांच्या टेबलावरून पत्रकं जातात तेव्हा लोक त्यांवर चहाचा पेला ठेवतात. नवलने ते वाचलं. दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी तो अर्जाला बसला.

छापील नमुन्यात पहिलाच रकाना होता 'उपजेचे नाव'. पाव्हणा लिहिता येत नव्हतं. हेडमास्तर म्हणाले, शुद्ध मराठीत याला बांडगूळ म्हणतात. नवलची लेखणी थबकली. मागे कधीतरी हाच शब्द गल्लीत कुणीतरी आप्पांबद्दल बोललं होतं, हळूच, पण नवलला ऐकू येईल इतकं. पुढच्या रकान्यात 'सांभाळ करणाऱ्या इसमाचे नाव' म्हणून आप्पांचंच नाव यायचं होतं, कारण खरा सांभाळ तेच करत होते आणि नवलला खोटं लिहिता येत नव्हतं. त्या नावाशेजारी तो शब्द लिहायला त्याचा हात धजेना. तेव्हा रेवजीने सांगितलं तेच त्याने लिहिलं. कचेरीत वांद्याचा दुसरा अर्थ होतो हे त्याला माहीत नव्हतं असं नाही, पण अर्ज होता जंगलखात्याला, आणि तिथे वांदा म्हणजे झाडच समजतील, असा त्याचा रास्त समज होता. चुलत्याला दुखवायचं नाही म्हणून निवडलेला तो शब्द होता, एवढं त्याच्या बाजूने म्हणता येईल. मजकूर असा होता:

'अर्जदाराचे राहते घरी सुमारे दोन महिन्यांपासून एक वांदा असून तो नवापूरकडील जंगलातून उद्भवलेला आहे. सदर वांद्याचा सांभाळ अर्जदाराचे चुलते दोधू गोविंदा हे करितात. सदर वांदा जमिनीशिवाय आहे. तरी तो अर्जदाराचे घरी कायम ठेवण्यास मंजुरी असावी.'

अक्षर सुरेख होतं. जंगलखात्याच्या कुणा कारकुनाने 'वांदा' वाचलं, 'चुलते' वाचलं, आणि पुढचं वाचायची गरज त्याला वाटली नाही. जमिनीचे तंटे या खात्याकडे येत नाहीत, असा शेरा मारून त्याने अर्ज मामलेदार कचेरीकडे पाठवला. तिथे हेडकारकून करणसिंग यांचं टेबल नवलच्या टेबलापासून दहा पावलांवर होतं. पण एक तर करणसिंगांना पाव्हणा ठाऊक होता, वांदा नव्हे; आणि दुसरं, नवल त्याच आठवड्यात दप्तर तपासायला पुन्हा नवापूरला गेलेला होता. करणसिंग हा सरळ माणूस. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, 'जमिनीशिवाय' या शब्दाखाली रेघ ओढली आणि टिपण लिहिलं: 'जमिनीशिवाय वांदा संभवत नाही. सबब अर्जदाराने जमिनीचा तपशील दडविलेला दिसतो. उभयतांस नोटीस.' मग अर्जाला वांद्याच्या रजिस्टरात नंबर पडला. नंबर सतरा, नवल तुळशीराम विरुद्ध दोधू गोविंदा.

नवल आठ दिवसांनी घरी आला तेव्हा ऊन उतरलं होतं. ओट्यावर आप्पा नव्हते. गजराबाईने त्याला ताट वाढलं. आपटलं नाही, हळूच ठेवलं, आणि ते जास्त वाईट होतं. बावीस वर्षांच्या संसारात ती त्याच्यावर रागावली होती, रुसली होती, पण ताट ठेवताना तिने असं दुसरीकडे कधी पाहिलं नव्हतं.

"आप्पा कोठे शेतस?" नवलने विचारलं.

गजराबाईने देव्हाऱ्यामागून एक कागद काढला आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवला. तेवढ्यात नेमीचंद ओट्यावर आला. तो आपणहून बसला नाही, आणि हे आजवर कधी घडलं नव्हतं.

"नवलभाऊ, मंगळवारले जान्या शिपाई हाऊ कागद लई वना," तो म्हणाला. "आप्पाले वाचता येत नही, मन्हाकडे वनात. मी वाचं. आप्पा म्हने, परत वाच. मी परत वाचं. मंग मले इचारं, विरुद्ध म्हंजे काय?"

नवलने कागद उलगडला. त्यात त्याचीच वाक्यं होती. तेच 'उद्भवलेला', तेच 'सदर', तेच 'असावी'. स्वतःची इतकी रीतसर भाषा त्याला त्याआधी कधी ओंगळ वाटली नव्हती.

"काय सांगं तू त्यास्ले?"

"जे शे ते सांगं. पुतन्याले वाटनी जोयजे." नेमीचंदने पगडी काढून हातात घेतली. "मंग आप्पास्नी पाव्हणाले पानी दिनं, गोणपाट भिजाडं, अन् खांदावर घोंगडी टाकीसन रनाळाले निंघी गयात. जाता जाता मले म्हने, नवलले काही बोलजो नको."

गजराबाई आतून पहिल्यांदा बोलली. "तुमले जमीन जोयजे व्हती तं मांगी लेतात. नही म्हनतात का ते?"

नवलने पुष्कळ सांगितलं. अर्ज कशाचा, वांदा कोणता, रकाना कुठला. गजराबाईला झाडाचं नाव माहीत होतं, तिला पटलं आणि ती डोळ्याला पदर लावून बसली. नेमीचंदला पटायला वेळ लागला. तो म्हणाला, एका झाडासाठी सरकारला कागद लिहिणारा माणूस त्याने अजून पाहिलेला नाही, त्यापेक्षा वाटणीच खरी वाटते. रनाळ्याची शेवटची मोटार निघून गेली होती. तारीख दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजताची होती, आणि कागदात लिहिलं होतं की वांद्यासंबंधी असेल तो पुरावा घेऊन हजर राहावे.

सकाळी साडेदहाला नवल पाटील कोट-टोपी घालून, दोरीला टांगलेला आंब्याचा ओंडका हातात धरून, भर बाजारातून कचेरीकडे निघाला. कळ्या दुखावू नयेत म्हणून तो हात लांब धरून चालत होता. जे रोज त्याला पाहून न पाहिल्यासारखं करत, ते सगळे आज दुकानाबाहेर आले. कुणी विचारलं, हे काय? नवल म्हणाला, पुरावा. मागून कुणीतरी सल्ला दिला की कांद्याच्या सालीचं पाणी घाला.

त्याच वेळी दुसऱ्या रस्त्याने दोधू आप्पा आले. धुवट धोतर, डोक्यावर रुमाल, आणि हातात रनाळ्याच्या घरातली पत्र्याची पेटी, जिच्यात जमिनीचे सगळे कागद असत. दोघे कचेरीच्या पायरीवर समोरासमोर आले. नवलने तोंड उघडलं. आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं, हातातल्या झाडाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "येले उनमा कसाले आनं? मुळ्या पांढऱ्या पडी गयात." एवढ्यात जान्याने पुकारा केला.

अठरा वर्षं नवल लाकडी कठड्याच्या आत बसला होता आणि बाहेर उभ्या राहिलेल्यांना 'जरा मागं सरका' म्हणत होता. आज तो बाहेर होता. या बाजूने कचेरी फार मोठी दिसते आणि आतली माणसं फार लांब, हे त्याला तेव्हा कळलं.

मामलेदार रावसाहेब पुण्याकडचे, वयाने तरुण, नवल नवापूरला असतानाच नव्याने रुजू झालेले. त्यांनी वडीलकीचा मान म्हणून आधी आप्पांना विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

"नवल जे सांगी तेच मन्हं म्हननं," आप्पा म्हणाले. "आंगठा कोठे करू?"

"पण त्यांनी अजून काही सांगितलंच नाही."

"तो जे सांगी ते. मन्हाकडून वांदा नही." आप्पांनी पेटी कठड्यावर ठेवली. "सगळा कागदे शेतस. त्याले जे जोयजे ते त्यानं लेवानं."

करणसिंगांनी लिहून घेतलं, 'प्रतिवादी म्हणतो वांदा नाही.' रावसाहेब नवलकडे वळले. नवलची रात्रभर जुळवलेली वाक्यं कुठे गेली कोण जाणे. त्याने ओंडका टेबलावर ठेवला आणि एवढंच म्हणाला, "रावसाहेब, वांदा आहे. हा."

"अर्जदार म्हणतो वांदा आहे," करणसिंग लिहू लागले. "एक म्हणतो आहे, एक म्हणतो नाही. म्हणजे वांदा शाबीत."

"करणसिंग, हा," नवल म्हणाला. "हे झाड. या झाडाचं नाव वांदा आहे."

आप्पा पुढे झाले. "हाऊ? हाऊ तं पाव्हणा शे."

"आप्पा, लोक येले वांदा म्हनतस. मी येनाच कागद करा व्हता. जमीननं त्याम्हा काहीच नही. मले जमीन नको, वाटनी नको." आणि मग, कचेरी आहे, माणसं आहेत, हे विसरून तो म्हणाला, "तुम्हनं नाव सांभाळनारा म्हनीसन लिखं व्हतं. दुसरं काहीच नही, आप्पा."

आप्पांनी पत्र्याची पेटी उघडली. वरतीच, खातेउताऱ्यांच्या गठ्ठ्यावर, अंबाडीच्या मऊ सुतळीचं एक वेटोळं होतं, नुकतंच हाताने वळलेलं. "याले बांधेल दोरी रुतस," ते पुटपुटले. "रनाळामा बठीसन वळी. म्हनं, तारीखले देखाई जाई तं नवलजोडे दी दिसू." पुतण्या आपल्याला घराबाहेर काढतो आहे, असं समजून गेलेला माणूस चार दिवस त्याच्या पाहुण्यासाठी दोरी वळत बसला होता. नवलने पुढे होऊन ते वेटोळं हातात घेतलं.

रावसाहेब हसले नाहीत. त्याबद्दल नवलला त्यांच्याविषयी जन्मभर आदर राहिला. "मग हा कागद फाडून टाकू," ते म्हणाले.

"फाडता येत नाही साहेब, नंबर पडला आहे," करणसिंग म्हणाले. "वांद्याच्या रजिस्टरात दोनच शेरे चालतात. 'वांदा कायम' किंवा 'वांदा काढून टाकला'. तिसरा शेरा असला तर रेकॉर्ड कारकून कागद दप्तरात घेत नाहीत. परत पाठवतात."

"कोण रेकॉर्ड कारकून?"

नवलने हात वर केला.

"मग 'काढून टाकला' लिहा."

"लिहितो. पण आता वांदा म्हणजे हे झाड, असा जबाब झाला आहे. काढून टाकला म्हटल्यावर झाड घरातून काढावं लागेल, आणि तसा पंचनामा." करणसिंगांना वाईट वाटत होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं, पण नियम त्यांचा नव्हता. "आणि कायम म्हटलं तर झाड राहील. मग पाटलांच्या खात्यावर वांदा कायम राहील. उताऱ्यावर येईल."

रावसाहेबांनी लेखणी दौतीत बुडवली. खोलीत एकाएकी गोडसर वास आला. चालण्याच्या हिसक्याने म्हणा की उन्हाने म्हणा, सात कळ्यांतली खालची कळी उमलली होती. पिवळसर पाकळ्यांवर तपकिरी चौकडी आणि मधे निळी जीभ. जान्या शिपाई दारातून मान लांब करून पाहत होता.

नवलला तीन पिढ्या आठवल्या. आगगाडीतली अनोळखी माणसं आठवली. "काढून टाका, रावसाहेब," तो म्हणाला. "झाड मी आजच रेवजीच्या पाड्यावर पोचवतो. आप्पांच्या खात्यावर वांदा नको."

"थांबा," आप्पा म्हणाले.

ते टेबलाशी गेले, गुडघ्यावर हात ठेवून थोडे वाकले आणि फूल पाहिलं. मग मुळ्या पाहिल्या. रावसाहेबांच्या पुढ्यातला पाण्याचा पेला त्यांनी न विचारता उचलला आणि मुळ्यांवर ओतला. पांढऱ्या मुळ्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हिरव्या झाल्या. पाणी नंबर सतराच्या कागदावरही थोडं गेलं.

"कायम लिखा," आप्पा म्हणाले.

"आप्पा, खातावर..."

"लिखू दे. वांदा कागदवर ऱ्हायना तं काय व्हयनं? घरमा नही ना? कोनी इचारं तं सांगसू, हा, शे वांदा, या देखाले." आणि करणसिंगांकडे अंगठा पुढे करत ते म्हणाले, "आते सांगा, कोठे करू?"

'वांदा कायम. सांभाळ करणार दोधू गोविंदा,' असं रावसाहेबांनी लिहिलं. तो कागद दुसऱ्या दिवशी रीतसर रेकॉर्ड कारकुनाच्या टेबलावर आला. शेरा बिनचूक होता, पण कागदाला पाण्याचा डाग होता, आणि डाग पडलेले कागद नवल घेत नसे. हा त्याने घेतला.

नेमीचंदने नवी दोरी बांधताना ओंडका धरला आणि त्याची पगडी पुन्हा भिजली. अंबाडीची ती सुतळी पुढे कितीतरी उन्हाळे टिकली. गजराबाईने तो शब्द घरात बोलायची मनाई उठवली नाही. तिच्यापुरता तो पाव्हणाच राहिला. आप्पा मात्र अजून रनाळ्याला जातायेता शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला आपल्या खात्याची गोष्ट सांगत. फक्त वाक्य थोडं बदललं होतं.

"आमना खातावर तीन पिढीमा एकच वांदा शे," ते म्हणत. "अन् तो दरसाल फुलस."